दहा वाजताचं प्रेशर

त्र्यंबककाका पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा पडले, तेव्हा त्यांच्या मुलाने, अतुलदादाने, ठरवून टाकलं. रविवारी गाडी घेऊन यायचं, काकांना वाकडच्या फ्लॅटवर न्यायचं आणि खंडाळ्याचं घर बंद करायचं. बुधवारी त्याचा मला तळेगावला फोन आला. "सई, तू फिजिऑलॉजीत एमएस्सी केलंयस. बाबा तुझं ऐकतात. जाऊन राहा आणि त्यांची समजूत घाल."

मी खरोखर समजूत घालायलाच गेले.

मी अकरा वर्षांची होईपर्यंत आम्ही काकांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. काका तेव्हा बँकर इंजिनं चालवायचे, कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणारी. परसात पपनसाचं झाड होतं. दिवाळी उलटली की इंदिराकाकू पायरीवर सुरी घेऊन बसायच्या. जाड साल टोपीसारखी निघायची आणि ती डोक्यावर घालण्यावरून आमची मारामारी व्हायची. काकू प्रत्येक फोडीवरचा पापुद्रा सोलून, वर मीठ-साखर भुरभुरून रांगेने वाटायच्या. ड्यूटीवरून आलेल्या काकांना दोन फोडी. तिसरी मागितली तर म्हणायच्या, "पोरांच्या तोंडचं काढता का?" काकूंना जाऊन आता सव्वा वर्ष झालं. पायरी तशीच आहे. झाड मात्र केवढं वाढलंय! फांद्या कौलांना टेकल्यात.

गुरुवारी सकाळी सहाला काका टेबलाशी बसले, दंडाला पट्टा बांधला आणि आकडा वहीत लिहिला. एकशे छप्पन्न, नव्वद. मग प्रेशरची गोळी घेतली.

"गोळीनंतर नाही मोजत?" मी विचारलं.

"गाडी सुटायच्या आधी गेज बघायचा असतो, बाळ. चौतीस वर्षं तेच केलं."

मी वही मागे चाळली. रोज सहाचा एकच आकडा, आणि तो कायम चढा. तोच पाहून डॉक्टरांनी महिन्यापूर्वी गोळी वाढवली होती. त्यात चूक काहीच दिसत नव्हती. पण जास्त प्रेशरचा माणूस असा चक्कर येऊन का पडावा?

साडेनऊला सावित्राबाई आल्या. त्या खालच्या वाडीवरून स्वयंपाकाला येतात.

"रात्री पडतात का हो काका?" मी त्यांना विचारलं.

"न्हाई वो ताई. सकाळचंच. मी भाकरी थापाय बसले की दणका आला म्हून समजा."

"दणका म्हणे! मी काय मालगाडी आहे?" काका बाहेरून ओरडले.

"मालगाडी रुळावर तरी ऱ्हाती," सावित्राबाई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "आन् पाय बघा त्यांचं. सांच्याला भाकरीवानी फुगत्यात."

दहा वाजता मी पट्टा बांधला. शहाण्णव, अठ्ठावन्न. नाडी एकशे चार. पुन्हा मोजलं, तरी तेच.

गोळीच्या पाकिटावरचं नाव मला माहीत होतं. कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो. त्याच्या पेशींत कॅल्शियम शिरलं की तो आवळतो. ही गोळी कॅल्शियमची दारं अडवते, स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. या गटातल्या काही गोळ्या हृदयाचा ठोकाही संथ करतात. काकांची तशी नव्हती. दाब फार उतरला म्हणून त्यांचं हृदयच धावपळ करत होतं. घोट्यांची सूजही याच गोळीची असू शकत होती. म्हणजे गोळी काम करत होती, पण फारच जास्त. वाढवलेल्या गोळीनेही इतकं व्हायला नको होतं.

"काका, सहा ते दहा काय काय केलंत?"

"गोळी घेतली. चहा. रोजचं पपनस खाल्लं. पेपर वाचला."

"किती खाल्लंत?"

"एक."

"एक फोड?"

"एक पपनस. मग काय, टाकून देऊ? खायला आहे कोण इथे?"

ही गोळी पोटात गेली की तिचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीतलं एक एन्झाइम वाटेतच मोडून टाकतं. डॉक्टर ते हिशेबात धरूनच गोळी देतात. ग्रेपफ्रूट नावाचं परदेशी फळ त्या एन्झाइमला निकामी करतं, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ते फळ इथे कुणी खात नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. पण ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच पोर, आणि पपनसातही तेच गुण. रोज अख्खं फळ खाल्ल्यावर गोळी जवळजवळ सगळीच रक्तात उतरत असणार.

मी डॉक्टरांना फोन लावला. दहाचा आकडा आणि पपनसाचं सांगितलं. "मी विचारलंच नाही," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं: पपनस पूर्ण बंद, उद्यापासून आधीची लहान गोळी, सहाला आणि दहाला दोन्ही वेळा मोजायचं, आणि सोमवारी दाखवायला यायचं.

"दोन फोडी तरी?" काकांनी मला विचारलं.

"एकही नाही. किंवा गोळी बदलता येते का ते सोमवारी विचारू."

"या गोळीनं छातीत दुखायचं थांबलंय. बदलायची नाही." ते झाडाकडे बघत बसले. मला वाटलं, रागावले. "हिनंही कधी तिसरी फोड दिली नाही," ते म्हणाले आणि आत गेले.

एन्झाइम नव्याने तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. शुक्रवारी दहाला वरचं प्रेशर एकशे चार. शनिवारी एकशे सोळा. रविवारी एकशे चोवीस, शहात्तर. काकांनी आकड्याखाली दोनदा रेघ मारली.

अकराला अतुलदादा आला. रिकामी सुटकेस त्याने दारातच ठेवली. वही पाहिली, माझं ऐकलं, आणखी तीन शंका काढल्या.

"आणि पुन्हा पडलात तर?"

"तर तू सामान बांध. मी गप्प बसेन."

दादाने सुटकेस उचलून डिकीत टाकली. "रोज दहाला मला फोन करून आकडा सांगायचा. एक दिवस चुकला तरी येईन."

"साहेब झालास माझा," काका म्हणाले.

मग ते परसातून एक पपनस घेऊन आले आणि पायरीवर बसले. सुरी त्यांना नीट धरता येत नव्हती. साल तुकड्यातुकड्यांनी निघाली, पापुद्रे फाटले, रस मनगटावरून ओघळला. पहिली फोड दादाला, दुसरी मला, तिसरी सावित्राबाईंना. हात पंच्याने पुसून ते दादाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कसं आहे?"

"जरा कडवट आहे, बाबा."

"जरा म्हणजे किती?" काकांनी विचारलं. "नीट सांग."