गव्हर्नरसाहेबांचा मखमली अंगरखा

मित्रांनो, मी एक जुना, लाल मखमली अंगरखा आहे आणि राजेलोकांना पार विटलो आहे. पुण्याच्या एका शिंप्याने मला नाटकासाठी शिवलं. मग बॅगेत कोंबून मला अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला आणलं. तिथल्या मंडळाच्या गणपतीत मी वीस वर्षं राजा झालो. सगळे मेले राजे दयाळूच! एकाच्याही हातून चूक म्हणून नाही. टाळ्या पडल्या आणि पुढे मी बेसमेंटमध्ये डांबराच्या गोळ्यांसोबत पडलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

यंदा मंडळातल्या मीनाक्षीने मला बाहेर काढून बाह्या आखूड केल्या. तिची लेक आन्या चौथीत आहे. शाळेत प्रत्येकाने व्हर्जिनियाच्या इतिहासातलं एक माणूस होऊन पुतळ्यासारखं उभं राहायचं. टेबलावरचं कागदी बटण कुणी दाबलं, की बोलायचं. आन्याला चिठ्ठीत मिळाला इंग्रजी अमलातला गव्हर्नर जोसाया ब्रॅमवेल. त्याने तीस वर्षं कारभार केला, बंदर बांधलं, बागा लावल्या. पण लोक जुलमाला कंटाळून उठले, तेव्हा "शस्त्रं टाका, माफ करतो" असं वचन देऊन त्याने बारा जणांना फासावर चढवलं.

मीनाक्षीने लहानपणी शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली. तिने भाषण लिहिलं: थोर, प्रजाहितदक्ष गव्हर्नर! हद्द झाली!

"बट ममा, ही प्रॉमिस्ड देम!"

"अगं, टीचरसमोर कशाला ते? चांगलं चांगलं बोल."

"दॅट्स द मेन पार्ट! त्या बारा जणांबद्दल कुणीच सांगत नाही."

"आन्या, आर्ग्यू करू नको. पाठ कर."

मला तोंड असतं, तर ओरडलोच असतो.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेत मीनाक्षीने मोबाइल रोखून बटण दाबलं. आन्या दोन वाक्यं बोलली आणि थांबली. मग पाठ केलेलं सोडून ती आपल्याच इंग्रजीत म्हणाली, "मी त्यांना शब्द दिला. त्यांनी विश्वास ठेवला. मी त्यांना मारलं." आणि तिला रडू फुटलं.

मीनाक्षीचा चेहरा उतरला. आता घरी गेल्यावर बोलणी बसणार, असं मी धरूनच चाललो. पण मोबाइल पर्समध्ये टाकून तिने पुन्हा बटण दाबलं.

"त्यांची नावं काय होती गं?"

आन्याने डोळे पुसले आणि बाराही नावं सांगितली.

मित्रांनो, मला कसरीपासून जपा, वर्षातून एकदा ऊन दाखवा. पण मला घालून कुणी उभं राहिलं, तर ज्याचं सोंग घेतलंय, त्याच्याबद्दल त्याला वाईटही बोलू द्या. एवढं तरी ऐका हो माझं!