खाणीमागचा ढिगारा

गंजलेला, टोकाशी वाकलेला, करंगळीच्या नखाएवढा... "बुटाचा खिळा आहे," गुरुदत्त म्हणाला आणि त्यानं तो वसुधाच्या तळहातावर ठेवला. "खाणीतल्या कुणाचा तरी. शंभर वर्षांपूर्वीचा तरी असेल बघ." त्याच्या डोळ्यांत लहान मुलासारखं कौतुक होतं, आणि तिला मात्र तांबूस भुगा हाताला लागताच धनुर्वाताचं इंजेक्शन आठवलं. यांनी शेवटचं कधी घेतलं होतं? निघताना विचारायला हवं होतं. पाणी, सनस्क्रीन, त्याच्या बीपीच्या गोळ्या, सगळं तिनं दोनदा पाहिलं आणि नेमकं हेच राहिलं... तिचं नेहमी असंच व्हायचं. ज्या दारावर ती पहारा देत बसायची, त्या दारानं कधी काही यायचं नाही.

रिटायर झाल्यापासून गुरुदत्तला हे वेड लागलं होतं. उभा जन्म क्युपर्टिनोत चिप्स डिझाइन करण्यात गेला, आणि आता शनिवार उजाडला की मेटल डिटेक्टर गाडीत टाकून तो सिएराच्या डोंगरांच्या पायथ्याशी निघायचा. जुन्या सोन्याच्या खाणी कधीच्या बंद पडल्या होत्या. पण खाणीतून काढून उतारावर ओतलेल्या दगडांचे ढिगारे तसेच पडून होते. गारगोटीच्या पोटात सोन्याचा कण राहून गेला असेल, तर जुन्या लोकांच्या डोळ्यांना तो दिसला नसेल, मशीनला मात्र ऐकू येतो, असं तो सांगायचा. हा ढिगारा त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या जमिनीत होता. "बाबा, you are not going alone. आईला घेऊन जा," असं सावनीनं बजावलं होतं. म्हणून मग वसुधा. ढिगाऱ्याच्या बाजूला, ओकच्या सावलीत, फोल्डिंगच्या खुर्चीवर, सिग्नल नसलेला फोन मांडीवर घेऊन.

तो पायथ्याशी मशीनची थाळी जमिनीलगत झुलवत होता. कानांवर मोठे काळे हेडफोन. मग तो थांबला, पुन्हा त्याच जागेवरून थाळी फिरवली, आणि लांबूनही तिला त्याच्या पाठीवरून कळलं, काहीतरी सापडलंय... त्यानं मशीन आडवं ठेवून कुदळ घेतली आणि ढिगाऱ्याच्या पोटातच खणायला सुरुवात केली. खाली पोकळी होत चालली, वरचा उतार तसाच लटकलेला.

"अहो, जपून. वरून दगड येतील."

ऐकू गेलं नाही. ती दोनदा, तीनदा ओरडली, तेव्हा त्यानं एका कानावरचा हेडफोन उचलला. "काय?"

"जपून म्हटलं."

तो हसला. "वसू, हा ढिगारा माझ्या आजोबांच्या आधीपासून इथं उभा आहे. आज माझ्यासाठी पडणार आहे का?"

असाच तो हसायचा. पार्टीत, चारचौघांत, वसुधाच्या भीतीच्या गोष्टी तो फार रंगवून सांगायचा—ती अमेरिकेत नवीन आली तेव्हा एस्केलेटरसमोर कशी उभी राहिली, फ्रीवेवर शेजारी बसून कसा नसलेला ब्रेक दाबायची. लोक हसायचे, तीही हसायची. गुरुदत्तच्या पुतण्याची, नकुलची, बायको प्रीता एकदा हळूच म्हणाली होती, "काकू, तुम्हाला राग नाही येत?" राग... तेव्हा तिला खरंच नवल वाटलं होतं. राग कशाचा यायचा?

...तिच्या लहानपणी कॉलनीमागे मुरुमाची खाण होती. दिवाळीतल्या किल्ल्यासाठी मुलं तिथून माती आणायची, खालून पोखरत जायची. एकदा वसुधा डबा घेऊन वरच्या अंगाला उभी होती आणि तिला आवाज आला, सुपातून तांदूळ ओतावेत तसा, बारीक, सलग. आणि कुणी न सांगता तिला कळलं. ती इतक्या मोठ्यानं किंचाळली होती की खाली खणत बसलेल्या मैत्रिणीनं, अबोलीनं, घाबरून मागे उडी मारली आणि ती बसली होती तिथं ढीगभर माती येऊन पडली. अबोलीची आई तिला पोटाशी धरून रडली होती. तोच आवाज...

तोच आवाज आता येत होता.

ती खुर्चीतून उठली. तिनं वर पाहिलं. गुरुदत्तच्या डोक्यावर पुरुषभर उंचीवर उताराला एक रेघ पडली होती आणि तिच्यातून बारीक खडे पाझरत होते. तो खाली, खांद्यापर्यंत हात त्या पोकळीत घालून... आणि घाम पुसताना त्यानं हेडफोन गळ्यात ओढले होते. तिला ते स्पष्ट दिसले. कॉलरच्या दोन्ही बाजूंना दोन काळ्या वाट्या, आणि कान उघडे. तिनं तोंड उघडलं. जिभेवर शब्दही होता. रेघ रुंदावली, एक दगड कलंडला, आणि ती उभी होती, तोंड उघडून, अगदी शांत, जणू कुणीतरी आतून तिच्या गळ्यावर हात ठेवून म्हणत होतं, थांब, बघू या...

मग सगळा उतारच खाली आला.

धूळ बसायच्या आत ती धावली होती, गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी दगड उपसत होती. बोटं सोलवटली. आता मात्र आवाज फुटला होता, "अहो, अहो," एवढाच. तो कुशीवर पडला होता, कमरेपर्यंत गाडलेला, भुवईवर रक्त.

"वसू... थांब. पाय हलतोय. बहुतेक नुसताच मुरगळलाय." मग धाप लागलेल्या आवाजात म्हणाला, "ओरडली असशील ना? ऐकूच आलं नाही गं. हे हेडफोन..." त्याचा हात कानाशी गेला. हेडफोन तिथं नव्हते. कुठंतरी दगडांखाली गेले होते. त्यानं हात खाली घेतला.

ती पुढचा दगड उचलू लागली.

घाटरस्त्यावर तिनं कधीच गाडी चालवली नव्हती. आज चालवत होती, इमर्जन्सीच्या दिशेनं. सिग्नल आल्याबरोबर गुरुदत्तनं सावनीला स्पीकरवर फोन लावला.

"Oh my God, बाबा. आई कुठंय?"

"ड्राइव्ह करतेय, विश्वास बसतोय का? बिचारीनं ओरडून ओरडून घसा कोरडा केला असेल, मीच बहिरा." तो दुखण्यातही हसला. गोष्ट तयार होऊ लागली होती.

"आई, you saved him," सावनी म्हणाली. वसुधानं वळणावर वेग कमी केला.

फोन ठेवून त्यानं मान मागे टेकली. डोळे मिटून म्हणाला, "फार घाबरलीस ना?" या वेळी चेष्टा नव्हती.

"हो."

त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला, चुकल्यासारखा. तो हात तिला झटकवेना, धरवेनाही. रस्त्याच्या कडेला कठडा नव्हता आणि खाली दरी होती, ऐन उन्हात तळापर्यंत दिसणारी. तिनं तिकडं पाहिलं. भीती होती, पण दरीकडं नव्हती... ती इथं होती, स्टिअरिंगच्या या बाजूला, तिच्या श्वासाइतकी जवळ. शेजारी तो निर्धास्त झोपेत बुडत चालला होता, हात अजून तिच्या मनगटावर. त्याला हलवून उठवावं आणि जपून राहा म्हणून सांगावं, असं तिला अगदी पोटातून वाटलं; कुणापासून, तेवढं मात्र तिच्या तोंडून फुटेना.