वाडीचे चौतीस

दीपेशने उठताना डावा हात मातीत टेकवला, उजव्या गुडघ्यावर भार येऊच दिला नाही, आणि दोरीच्या अलीकडे खुर्चीत बसलेला चांगू पुढे सरकला. पोराने दोन गडी शिवून मध्यरेषा गाठली होती. अख्खं मैदान नाचत होतं. बापाला मात्र तो टेकवलेला हात तेवढा दिसला.

"एकतीस!" चंदू माइकवर ओरडला. एकदा माइक हाती आला की चंदू तो सोडत नाही, हे पोलादपूर तालुक्यात लहान पोरंही सांगतील. "एकट्या दीपेशचे एकतीस गुण! आणखी फक्त चार, मंडळी, की एक्याण्णव सालचा विक्रम मोडला म्हणून समजा! आणि तो विक्रम कुणाचा? याच पोराच्या बापाचा! आपले प्रमुख पाहुणे चांगूशेठ! शेवटच्या चढाईत तीन गडी अंगावर घेऊन ओढत नेले, करंगळी मोडली, पण रेषा शिवली!"

टाळ्या पडल्या. सकाळी सत्कारात मिळालेली शाल चांगूच्या अंगावर होती. त्याने दोन्ही हात शालीत घेतले. करंगळीची गोष्ट निघाली की हात झाकायचे, ही त्याची जुनी सवय. आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती.

आठ दिवसांपूर्वी महाडच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या एमआरआयची फिल्म उजेडात धरून बापलेकांना समजावलं होतं. "आतला लिगामेंट बराचसा फाटलाय. अजून एक पीळ बसला तर राहिलेलाही तुटेल. मग ऑपरेशन करूनही हा पहिल्यासारखा चालेल, असं मी सांगणार नाही." आंबेनळी घाटाच्या अंगाला वसलेल्या त्यांच्या वाडीत सपाट जागा म्हणाल तर देवळापुढचं अंगण तेवढं. पाण्याला उतरायचं, गुरांमागे चढायचं. लंगड्या माणसाने तिथे दिवस काढायचे कसे? दीपेशने आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, राखीवमध्ये बसेन, मैदानात पाय ठेवणार नाही. आज अंतिम सामना सुरू झाला आणि पहिली चढाई त्यानेच केली.

"पोरगा तयार आहे हां तुमचा," शेजारच्या खुर्चीतले साहेब म्हणाले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचा संघ ते बांधत होते. दीपेश त्याच कंपनीत कंत्राटावर पिंपं भरायचा. "मी त्याला सांगितलंय, तुझ्या वडिलांचा रेकॉर्ड तोडून दाखव, लगेच कायम करून घेतो. नुसते रेडर काय, ढिगाने मिळतात."

चांगूने मान हलवली. त्यालाही नोकरी याच आकड्यावर मिळाली होती.

हा आकडा मंडळाच्या फलकावर तांबड्या रंगात लिहिलेला होता आणि दर दिवाळीत नव्याने गिरवला जायचा. त्याने महाड-पोलादपूरच्या पोरांना वेड लावलं होतं. आधी दासगावचा एक जण सव्वीसपर्यंत गेला, तेव्हा त्याची मिरवणूक निघाली होती. मग बोनसची रेषा आली, नुसता पाय टाकून गुण मिळायला लागला, आकडे फुगले, अठ्ठावीस झाले, तीस झाले. टीव्हीवर लीग आली, पोरं मॅटवर सराव करायला लागली, गुण मोजायला मोबाइल आले. एकजण बत्तीसवर पोचला आणि खांदा निखळून बाहेर गेला. चौतीस काही कुणाला गाठवेनात. म्हातारे पारावर बसून मिशीला पीळ द्यायचे. आमच्या वेळी बोनस नव्हता, मॅट नव्हती, तरी चौतीस! आताच्या पोरांत दमच नाय!

आणि ज्याच्या नावावर ते चौतीस होते त्याला एकट्यालाच, नाही, आणखी एकाला ठाऊक होतं की पोरं ज्याच्यामागे धावतायत ते मुळात नाहीच.

शिट्टी झाली. रितेशने, म्हणजे वाडीच्या कप्तानाने, टाइम आउट घेतला होता. चांगू दोरीखालून वाकून आत गेला.

"रितेश, त्याला बसव. गुडघा गेलाय त्याचा."

"काका, मी सांगून थकलो. तो ऐकतोय का बघा."

दीपेश पाण्याची बाटली डोक्यावर ओतत होता. नी कॅपच्या वर मांडी टरटरून सुजली होती.

"चल बाहेर," चांगू म्हणाला.

"चार गुण, आबा."

"पाय जाईल रे बाबा! जन्माचा लंगडा होशील!"

"आणि नाय खेळलो तर? जन्मभर पिंपं भरू? चौतीसवाल्याचा पोरगा, चौतीसवाल्याचा पोरगा! मला माझं नाव तरी हाय का?"

चांगूने इकडेतिकडे पाहिलं. मग पोराचा दंड धरला.

"माझे चौतीस नव्हते."

"काय?"

"एकोणीस होते. खरं सांगतोय, एकोणीस. ते तू अर्ध्या वेळेआधीच मोडलेस. झालं, जिंकलास. आता चल."

दीपेश ओल्या तोंडाने हसला.

"डॉक्टरची भीती घालून झाली, आयच्या डोळ्यातलं पाणी दाखवून झालं. आता हे? लहानपणी मला करंगळीची गोष्ट कोण सांगायचं?"

"खोटी सांगितली."

"राहू द्या आबा." त्याने हलकेच दंड सोडवून घेतला. "माझ्या पायापायी सोताचं नाव बुडवू नका."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. पण खरं बोलणाऱ्याच्या कपाळी काय असतं, ते चांगूला त्या घडीला कळलं. तो तसाच तरातरा माइककडे निघाला.

त्या काळी गुण गड्याचे नसायचेच. वहीत लिहायचे ते वाडीचे. चौतीस-एकतीस, वाडी जिंकली, संपलं. कुणी किती मारले हे विचारणं म्हणजे पंगतीत कुणी किती भाकऱ्या खाल्ल्या ते मोजण्यासारखं होतं. पण सामन्यानंतर आठ दिवसांनी कंपनीचे तेव्हाचे साहेब वाडीवर आले आणि म्हणाले, चौतीस गुण करणारा खेळाडू कोण? एकाला नोकरी देतो. वही सांभाळणारे कुशाबा डोकं खाजवायला लागले. त्या चौतिसात चांगूचे एकोणीस होते, नऊ पांडूचे, बाकीचे पकडींचे आणि लोणाचे. शेवटची चढाई पांडूची होती. तीन गडी ओढत नेऊन रेषा शिवणारा एकोणीस वर्षांचा पांडू हात फडक्यात बांधून तिथेच उभा होता. मोडक्या हाताचा गडी कंपनी कशाला घेईल, असा विचार कुशाबांनी केला आणि चांगूच्या पाठीवर हात ठेवला. हा. त्यात कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं. एक घर वर येईल, पुढच्या वेळी दुसरं. पुढची वेळ आलीच नाही. साहेबांनी लिहून घेतलं, फलक रंगला, कुशाबा वारले, त्या संघातले बाकीचे गडी पोटामागे मुंबईला पांगले, आणि बोलता बोलता एके वर्षी करंगळीही चांगूच्या नावावर आली. त्याने स्वतःहून खोटं सांगितलं नव्हतं, फक्त खोडलं नव्हतं. मग पोरगा झाला, गोष्ट सांग म्हणून मांडीवर बसायला लागला, आणि तेही राहिलं नाही.

चंदूच्या हातातून त्याने माइक हिसकावला.

"ऐका! मी चांगू बोलतोय. ते चौतीस माझे एकट्याचे नाय. ते वाडीचे होते. सगळ्या वाडीचे! देवाशपथ सांगतो!"

चंदूने माइक परत घेतला.

"ऐकलंत, मंडळी? याला म्हणतात मोठं मन! एवढा विक्रम, आणि माणूस म्हणतो माझा नाही, वाडीचा! शिका रे पोरांनो, शिका! एकदा जोरदार टाळ्या!"

टाळ्या अशा कडाडल्या की पंचांना शिट्टी दोनदा मारावी लागली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. साहेबांनी उठून चांगूची पाठ थोपटली. दीपेशने लांबून बापाकडे बघून छातीवर हात ठेवला आणि चढाईला आत शिरला.

बोनस टाकला, कोपऱ्यातला गडी शिवला, परत फिरताना पाय मुरगळला. तो आडवा पडला तो रेषेवरच. तेहतीस. मैदान पेटलं. दीपेश मात्र दोन्ही हातांवर रेटा देऊन उठत होता आणि खालचा ओठ दातांत धरला होता.

"आणखी दोन!" चंदू किंचाळला.

चांगूने पलीकडे पाहिलं. बांधावर आंब्याच्या बुंध्याला टेकून पांडू बसला होता. मुंबईत तीस वर्षं हॉटेलात भांडी घासून पाच वर्षांपूर्वी तो वाडीवर परत आला आणि शेरडं पाळून राहिला. दोघांच्या घरांमध्ये एक फणसाचं झाड तेवढं, पण बोलणं नाही. पायवाटेवर समोरासमोर आले तर चांगू गुरांकडे बघायचा, पांडू शेरडांकडे. दर वर्षी पांडू सामने बघायला यायचा आणि त्याच बुंध्याशी बसायचा.

लोकांना ढकलत, धापा टाकत चांगू तिथवर पोचला.

"पांडू, माझ्या पोराला थांबव."

"मी कोण थांबवणारा?"

"मी खरं सांगितलं, कुणी ऐकत नाय. तू सांग. तुझं ऐकेल तो."

पांडूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "ऐकलं मी. वाडीचे होते, बोललास. चांगलं बोललास. माझं नाव नाय घेतलंस."

खरंच नव्हतं घेतलं. पोराचा पाय जात होता, माइक हातात होता, तरी ते नाव जिभेवर आलं नव्हतं. त्याने अंगावरची शाल काढून पांडूच्या पायाशी ठेवली आणि वाकला.

"उठ," पांडू म्हणाला. "लोक बघतायत."

"पाया पडतो तुझ्या. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पोरगा लंगडा झाला तर मी जगू कसा?"

मैदानात दीपेश पुन्हा मध्यरेषेकडे निघाला होता. एका पायावर उडी, दुसऱ्यावर ओढ. पांडू ते बघत होता. मग त्याने लेंग्याची धूळ झटकली.

"तुझ्यासाठी नाय येत मी," तो उठत म्हणाला. "मोडलेलं अंग घेऊन काम मागायला दारोदार फिरणं काय असतं, ते मला ठाव हाय म्हणून येतो."

तो दोरीखालून सरळ मैदानात शिरला. पंचांनी शिट्टी मारली, कुणीतरी "ए म्हाताऱ्या!" म्हणून ओरडलं. पांडू दीपेशच्या समोर जाऊन उभा राहिला आणि त्याने उजवा हात पुढे केला. करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळली होती, कधीच सरळ न झालेली.

"तुझ्या बापाने सांगितलेली गोष्ट खरी हाय," तो म्हणाला. "बोट तेवढं हे."

दीपेशने त्या बोटाकडे पाहिलं. मग मान वळवून पांडूच्या मागे, चार पावलांवर उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. शाल आंब्याखाली राहिली होती. चांगूचे हात उघडे होते, आणि दहाच्या दहा बोटं सरळ होती. या वेळी त्याने ती झाकली नाहीत. पंच घड्याळ दाखवत होते.

"रितेश," दीपेश शेवटी म्हणाला, "बदली घे."

"अरे, दोनच गुण..."

"बदली घे बोललो ना."

तो खाली बसला, नी कॅप सोलून काढली आणि बाजूला टाकली. चांगू धावत पुढे आला, गुडघ्यांवर वाकला, खांदा पुढे केला.

"ये, बाळा. टाक भार माझ्यावर."

दीपेशने हात उचलला आणि तो पांडूच्या गळ्यात टाकला. बापाकडे बघितलंही नाही. पांडूने त्याच्या कमरेला धरून उठवलं, आणि दोघं हळूहळू दोरीकडे चालायला लागले. उजवा पाय लंगडत होता, पण जमिनीला टेकत होता. चांगू त्या पायाकडे बघत मागोमाग निघाला.

"अरेरे! तेहतीसवर थांबला!" चंदूचा आवाज फुटला. "काय नशीब बघा! चौतीसचा विक्रम अजून कायम! चांगूशेठ, स्टेजवर या! चांगूशेठ कुठे आहेत?"

गर्दीतल्या एका तरण्या पोराने वाट देता देता चांगूचा हात धरला. "काका, तुमाला बोलावतायत."

"मला नाय," चांगू म्हणाला. पुढे चाललेल्या दोन पाठींकडे त्याने बोट केलं. "त्याला बोलवा. त्या पांडूला बोलवा."

पोराने टाचा उंचावून पाहिलं.

"कोण पांडू?"