सोल्युशनच्या खोलीतला पंखा

मित्रांनो, पंखा म्हटला की तुम्ही मान वर करून छताकडे बघता. मी तिथे नाही. भिंतीच्या गोल भोकात पाठ बाहेर करून बसलेला मी एक जुना एक्झॉस्ट फॅन आहे. वारा घालणे हे माझे काम नव्हे. आतली वाईट हवा ओढून बाहेर टाकणे हे माझे काम. म्हणून माझ्याखाली बसून कधी कोणी "आहाहा" म्हणत नाही. आता माझ्या पात्यांवर काळा थर साचला आहे आणि सुरू होताना माझी मोटर कण्हते. थकलो आहे. तरी बोलायचे राहून गेले आहे, ते बोलून घेतो.

माझे आयुष्य बुटांच्या कारखान्यात गेले, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत. बुटाचा वरचा भाग आणि तळ तिथे एकमेकांना चिकटवतात. त्यासाठी पिवळट, दाट सोल्युशन लागते. त्याचा वास एकदा नाकात शिरला की घरी जाईपर्यंत निघत नाही. जेवणाच्या डब्यालाही तोच वास. लांब टेबलांशी बायका बसत आणि ब्रशने सोल्युशन लावत. माझ्या सर्वांत जवळ मावशी बसायची. खरे तर ती शेजारी बसणाऱ्या तिच्या भाचीचीच मावशी. पण भाची दिवसभर "मावशी, मावशी" करायची, म्हणून सगळी खोली तिला मावशीच म्हणू लागली.

मला इथे आणले मॅनेजरसाहेबांनी. ते नुकतेच परदेशातून आले होते. अनेक देशांतल्या कंपन्यांनी मिळून तिथे एक उपक्रम सुरू केला होता. त्यात कायद्याचा बडगा नाही, दंड नाही. कंपनीने आपणहून पुढे यायचे, सही करायची आणि वचन द्यायचे, की आमच्या कामगारांची तब्येत आणि आजूबाजूची हवा, पाणी आम्ही सांभाळू. आमचे बूट विकत घेणारी परदेशातली मोठी कंपनी त्यात होती. साहेबांनीही सही केली, आणि आले ते भारावूनच. मला बसवायला स्वतः स्टुलावर चढले.

"आता कुणाचं डोकं दुखणार नाही," ते वरून म्हणाले.

"साहेब, आधी खाली उतरा," मावशी म्हणाली. "तुम्ही पडलात तर आमच्या डोक्याला केवढा ताप!"

सगळी खोली हसली. साहेबही हसले.

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस. सकाळी बटण दाबले की मी जो सुरू होई, तो सुट्टी होईपर्यंत. वास पळाला. बायका कामात गप्पा मारू लागल्या, कधी कोणी गुणगुणू लागली. पाहुणे आले, माझे फोटो निघाले, माझ्या चौकटीवर पृथ्वीच्या गोलाचा स्टिकर लागला. कौतुकाने मी इतका फुगलो, की भोकात मावेनासा झालो.

पण मित्रांनो, एक अडचण होती. मी हवा ओढली की लावलेले सोल्युशन लवकर सुके, त्यावर साय धरे. मग तळ नीट चिकटत नसे आणि बुटांचे जोड परत येत. पाण्यात केलेले, कमी घातक सोल्युशनही मिळत होते. पण ते महाग, आणि त्याने काम हळू होई. इकडे त्याच मोठ्या कंपनीचे फोन येत. वचनाचे तोंडभर कौतुक करून झाले की माल लवकर हवा आणि स्वस्तही हवा. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून साहेब माझ्याखाली येऊन, माझ्या आवाजाआड बोलत. "हो... हो... बघतो."

शेवटी एकदा ते मुकादमाला म्हणाले, "घाईच्या दिवशी तेवढा बंद ठेवा. फक्त घाईच्याच दिवशी."

मुकादमाला बायका पाठीमागे 'चला-चला' म्हणत, कारण त्याचे प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होई. चला-चलाला घाई नाही असा दिवस अजून उगवायचा होता.

खोटे कशाला बोलू? बायकांनीही तक्रार केली नाही. मजुरी किती जोड झाले त्यावर होती, आणि मी बंद असलो की हात भराभर चालत. माझ्यावर धूळ बसली. स्टिकर कडेने सुटू लागला. बंद पंख्याला बघत बसण्यापलीकडे काय काम असते? मी बघत बसलो.

मावशीच्या बोटांतून ब्रश निसटू लागला. मग पायातून चप्पल निसटू लागली, आणि ते तिला कळतही नसे. ती तशीच पुढे चालत जाई. भाची मागून चप्पल उचलून आणी.

"मावशी, चप्पल!"

"अगं, आत्ता तर होती पायात."

पहिल्यांदा दोघी हसल्या. पुढे पुढे भाची न हसता नुसतीच चप्पल आणून ठेवू लागली. मग एका दुपारी मावशी जिन्यावरून कोसळली. डॉक्टर म्हणाले, या वासाने हातापायांच्या नसा मेल्यासारख्या झाल्यात. लांब राहिलात तर थोडं परत येईल, सगळं नाही. पण चूल पेटायला हवी होती. थोड्या दिवसांनी मावशी परत त्याच जागेवर येऊन बसली.

अशात पुन्हा पाहुणे येणार असल्याची बातमी आली. मला घासूनपुसून लख्ख केले, स्टिकर दाबून चिकटवला, बटण दाबले. उपक्रमाच्या वतीने आलेल्या पाहुणीबाई मावशीपाशी थांबल्या आणि त्यांच्या भाषेत काही बोलल्या.

"पंख्याने कसं वाटतं, विचारतायत," साहेबांनी सांगितले.

मावशी म्हणाली, "बरं वाटतं म्हणावं आज. वास कमी आहे."

साहेब तोंड उघडणार, तोच भाचीने ब्रश खाली ठेवला. "साहेब, 'आज' गाळू नका हं. मावशी 'आज' म्हणाली."

चला-चला घसा खाकरू लागला. पाहुण्यांसमोर बसून बोलणे बरे दिसत नाही म्हणून मावशी टेबल धरून उठायला लागली. तिचा पाय चप्पल शोधत होता. चप्पल पायाला लागत होती, तरी पायाला ती सापडत नव्हती. साहेबांनी ते पाहिले. ते वाकले, चप्पल उचलली आणि तिच्या पायात घातली.

मग उभे राहून ते बोलले. बराच वेळ बोलले. ती भाषा मला येत नाही. पण पाहुणीबाईंचा चेहरा उतरत गेला आणि साहेबांचे कान लालबुंद झाले.

तुम्हाला वाटेल, आता काहीतरी मोठे घडले असणार. तसे काही झाले नाही. आपणहून दिलेले वचन मोडले तर जाब विचारणार कोण? "सुधारणा करा," असे सांगून पाहुणीबाई गेल्या. संध्याकाळी चला-चलाचा हात सवयीने बटणाकडे गेला.

"राहू दे चालू," साहेब दारातून म्हणाले. "उद्याही. परवाही."

"साहेब, माल उशिरा जाईल."

"जाऊ दे."

"ते विचारतील तेव्हा?"

"मी सांगेन. सही करताना माझा हात कुणी धरला नव्हता."

पाण्याचे सोल्युशन आले. मजुरी जोडांऐवजी दिवसावर झाली. काम हळू झाले, आणि मोठ्या कंपनीने बरेचसे काम दुसऱ्या कारखान्याला देऊन टाकले. त्या कारखान्यानेही तसेच वचन दिले होते म्हणे. आमच्याकडचे एक टेबल उचलले गेले. त्या टेबलावरच्या बायका जाताना मावशीच्या गळ्यात पडून रडल्या. माझ्याकडे मात्र त्यांनी अशा नजरेने पाहिले, की तोंड फिरवता आले असते तर मी फिरवले असते. मावशीच्या पायांत थोडी जाण परतली, बोटांत नाही. आता ती दाराजवळ बसून नाड्या ओवते, सावकाश. साहेबांचे केस पांढरे झाले आहेत. नवे गिऱ्हाईक शोधत फिरतात, आणि येता-जाता विचारतात, "चालू आहे ना?"

आज सकाळी मात्र मी दगा दिला. मोटर घरघरली आणि बंद पडली. मला वाटले, झाले, आता पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

भाचीने वर पाहिले. ब्रश ठेवला, डब्याला झाकण लावले, आणि मावशीचा हात धरून ती व्हरांड्यात निघाली. मागोमाग दुसरी उठली. मग अख्खे टेबल उठले.

चला-चला धावत आला. "चला चला, काम का थांबलं?"

"पंखा थांबलाय म्हणून," भाची म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिले, बायकांकडे पाहिले. मग तो स्वतःच वायरमनला आणायला जिना उतरला, दोन-दोन पायऱ्या एकदम.

मित्रांनो, तुमच्या पायातला बूट कुठल्या तरी खोलीत, कोणाच्या तरी हातांनी चिकटवला आहे. मोठी माणसे वचने देतील, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण पाहुणे गेल्यावर पंखा चालू असतो का, हेही विचारा. आणि माझ्यासारख्याला फोटोपुरते पुसू नका. अधूनमधून तेल द्या. आम्ही थकतो, पण तेवढ्यावर खूप दिवस निभावून नेतो.

वायरमन शिडी लावतो आहे. बायका बाहेर उन्हात उभ्या आहेत. मी फिरू लागेपर्यंत त्यांतली एकही आत यायची नाही.