उंबऱ्याबाहेरचा डबा

चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये त्या दिवसांत सकाळ नळाच्या फुसफुशीने सुरू होई. पाणी येण्याआधी नळातून हवा निघे आणि तो आवाज ऐकून रुक्मिणीबाई उठत. त्या कळशी नळाखाली लावत, ओट्यावर सडा टाकत आणि मग दोन्ही खोल्यांतून केरसुणी फिरवत. केर सुपलीत भरून त्या मोरीजवळ ठेवत, पण माझ्यात टाकत नसत. ते काम त्यांची सून विमला करी. केरापाठोपाठ चहाचा चोथा येई, भाजीची देठं येत, बुधवारी-रविवारी मासळीची खवलं येत. त्यांचा मुलगा दशरथ जेवणाचा डबा घेऊन अंधेरीच्या कारखान्याकडे निघाला की विमला मला उचलून नाल्याच्या काठावर रिकामं करी. बैठ्या घरांच्या आमच्या रांगेतली सगळीच माणसं तसं करत, कारण पालिकेची कचराकुंडी दूर मोठ्या रस्त्यावर होती.

मित्रांनो, मी एक जुना, चौकोनी, पत्र्याचा डबा आहे. रुक्मिणीबाई मला हात का लावत नसत, हे कळायला तुम्हाला माझं आधीचं आयुष्य ठाऊक हवं.

मी जगात आलो तो पोटात गोडेतेल घेऊन. परळच्या एका चाळीत दिवाळीसाठी चार बिऱ्हाडांनी मिळून ते तेल वाटून घेतलं आणि रिकामा मी रुक्मिणीबाईंच्या वाट्याला आलो. त्यांनी मला चिंचेने घासून लख्ख केलं. पत्रेवाल्याने माझं तोंड कापलं, धारदार कडा आत वळवून ठोकल्या आणि वर कडी बसवली. तेव्हापासून माझ्यात गावचे उकडे तांदूळ राहू लागले. दसऱ्याला माझ्यावर हळदकुंकू पडे. शेजारणी म्हणत, "डबा म्हणजे असा असावा!" आणि मी उगाच ताठ उभा राही. पुढे दशरथची गिरणी बंद पडली, त्याने दुसरी नोकरी धरली आणि बिऱ्हाड चारकोपला आलं. इथे सुरुवातीला पाण्याचे हाल होते, म्हणून मी पाणी साठवू लागलो. पाण्याने मला गंज चढला. एक दिवस तळाला भोक पडलं आणि विमलाने मला कचऱ्याकरता काढलं.

"तांदळाच्या डब्यात केर?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "माजो हात लागाचो नाय त्येका."

त्यांनी आपला शब्द पाळला. मला त्याचं वाईट वाटे, पण राग कधी आला नाही.

नाल्याचा काठ मात्र दिवसेंदिवस भरत चालला. माश्या घराघरांत शिरू लागल्या. शेवटी एका रविवारी विमलाने सोसायटीच्या चौकात सगळ्यांना जमवलं. तिने चंपाशी आधीच बोलणं केलं होतं. चंपा जालन्याकडची. जवळच्या औद्योगिक वसाहतीत ती झाडलोट करी. हातगाडी घेऊन ती दारोदार येईल, कचरा कुंडीपर्यंत नेईल आणि त्याबद्दल घरटी महिना तीन रुपये द्यायचे, असं ठरत होतं.

"दारात गाडी येणार? म्हणजे आपण मलबार हिलवाले झालो की!" सोसायटीचे अध्यक्ष मार्तंडराव हसून म्हणाले.

पलीकडच्या घरातला धोंडू उठला. "कचऱ्याला तीन रुपये? ओ वहिनी, तेवढ्यात माझ्या घरी बांगडे येतात ना!"

"येऊ देत की भावोजी," विमला म्हणाली, "पण त्या बांगड्यांची डोकी कुठे टाकणार? आमच्या खिडकीखाली?"

सगळे हसले आणि एकेक करत हात वर झाले. धोंडूनेही अखेर हात वर केला, अर्धाच. चांगल्या गोष्टीसाठी पदरचे पैसे मोजायला लोक तयार झाले, हे पाहून विमलाचा चेहरा उजळला. त्याच संध्याकाळी तिने चंपाला होकार कळवला. चंपा संध्याकाळी एका घरी भांडी घासत असे. ते काम तिने दुसऱ्या दिवशी सोडलं.

एक गोष्ट मात्र कोणी विचारली नाही, आणि विमलाच्याही ध्यानात आली नाही. हातगाडी वसाहतीची होती. तिथल्या कारखान्यांच्या शेड बंद झाल्यावरच ती चंपाच्या हाती पडे. म्हणजे आमच्या रांगेत ती पोहोचे ती दिवेलागणीला.

पहिल्या संध्याकाळी गाडीची घंटी वाजली, तेव्हा रुक्मिणीबाईंनी नुकताच देवापुढे दिवा लावला होता. विमला मला उचलायला वाकली.

"ठेव त्येका थंयच!" रुक्मिणीबाई कडाडल्या. "दिवो लागल्यार घरातलो केर भायर काढतत? लक्ष्मी जाता, ठावक नाय तुका?"

"आई, अहो, ती गाडी घेऊन दारात उभी आहे."

"उबी रवांदे. सकाळी येवक सांग."

शेजारच्या घरांतूनही हेच ऐकू आलं. आमच्या रांगेत बहुतेक घरं कोकणातली. हात वर करताना कोणाच्या मनात खोट नव्हती, पण दिवा लागल्यावर केर देण्याचं बळ कोणाच्याच अंगी नव्हतं. चंपा रांगेच्या टोकापर्यंत घंटी वाजवत गेली आणि जवळजवळ रिकाम्या गाडीने परतली. सकाळी माणसं पुन्हा नाल्याकडे निघाली. रोज असंच होऊ लागलं. कचरा रात्रभर माझ्यातच राही आणि मला माझीच लाज वाटे.

महिना संपत आला. मार्तंडराव दारात येऊन संकोचाने म्हणाले, "विमलाताई, लोक पैसे द्यायला तयार नाहीत. धोंडू म्हणतो, तिने आमच्याकडून नेलं काय? या आठवड्यात काही बदललं नाही, तर हे बंद करावं लागेल."

त्या संध्याकाळी चंपा आमच्या ओट्यापाशी थांबली. तिचा आवाज चढला नव्हता.

"ताई, सकाळी मला जमत नाही, गाडीच मिळत नाही. भांड्यांचं काम तुमच्या शब्दावर सोडलंय मी. ते आता दुसरीला दिलं त्यांनी."

"बघते मी काहीतरी," एवढंच विमला म्हणाली, पण काय बघणार हे तिला ठाऊक नव्हतं. आत देवापाशी बसलेल्या रुक्मिणीबाईंनी सगळं ऐकलं. घंटी लांब जाईपर्यंत त्यांचा जप थांबला होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली. विमला चौकातल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. रुक्मिणीबाई मोरीपाशी आल्या आणि किती तरी वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला, सुपलीतला केर स्वतः माझ्यात टाकला आणि माझी कडी धरली. किती वर्षांनी तो हात मला लागला होता! त्यांनी मला उंबऱ्याबाहेर नेलं, ओट्याच्या कडेला ठेवलं, हातपाय धुतले आणि आत जाऊन दिवा लावला.

शेजारची जानकी दारातून बघत होती. "काय गे काकी, तिन्हीसांजा केर भायर?"

"तिन्हीसांज जाली खंय होती?" रुक्मिणीबाई आतूनच म्हणाल्या. "दिवो लागाच्या आदीच तो भायर पडलो. आता भायरचा भायरसून कोण न्हेता, तेचो लक्ष्मीक काय त्रास?"

"माका ह्या आदी सांगलंस असतंस तर!" असं म्हणत जानकी आत पळाली आणि आपली बादली घेऊन आली. थोड्याच वेळात घंटी वाजली. विमला कपड्यांचा ढीग घेऊन परत आली, तेव्हा चंपा मला गाडीत रिकामं करत होती. विमला जिथल्या तिथे उभी राहिली.

"बघतंस काय? ती कापडा घडी कर," सासूबाई म्हणाल्या.

रांगेत रुक्मिणीबाईंइतकी सोवळ्याओवळ्याची बाई दुसरी नव्हती. त्यांच्या ओट्यावर डबा दिसला, तेव्हा इतरांचा प्रश्न आपोआप मिटला. आठवडा सरायच्या आत दिवेलागणीपूर्वी ओट्याओट्यावर डबे, बादल्या आणि फुटके माठ उभे राहिले. मार्तंडराव पुन्हा फिरले, ते या वेळी वर्गणी घेत. धोंडूने पैसे देताना बांगड्यांची आठवण काढलीच, पण दिले. चंपाचं काम टिकलं. नाल्याच्या काठावर आता गवत उगवलं आहे.

मित्रांनो, घर स्वच्छ ठेवणारा हात जसा घरातला असतो, तसा दाराबाहेरचाही असतो. त्या हाताला शब्द दिलात, तर तो तुमच्या घराच्या रीतीत कसा बसेल, हेही तुम्हीच शोधा. आणि माझ्यासारख्या जुन्या डब्याला अधूनमधून धुऊन उन्हात ठेवा. आम्हाला तेवढं पुरतं.

माझ्या तळाचं भोक आता मोठं झालं आहे. विमला त्यावर जाड पुठ्ठा घालते. रुक्मिणीबाईंचे गुडघे दुखतात. "द्या आई, मी ठेवते," असं विमला रोज म्हणते. त्या मान हलवतात. उन्हं उतरली की माझी कडी धरतात, मला उंबरा ओलांडून देतात, हात धुतात आणि मग आत जाऊन दिवा लावतात.