इस्त्रीचं तळं

दुकानदाराने तिसरा पट टेबलावर उलगडला आणि वरून असा हात फिरवला, की निजलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करतोय असं वाटावं.

"हा बघा. खाली रबर, वर कापड. टाकला की पडून राहतो, कोपरे वर येत नाहीत. फासे टाका, आवाज नाही. खेळ संपला की गुंडाळा, खांद्याला अडकवा आणि चालू लागा. चहा सांडला तरी पुसून घ्यायचा. डाग म्हणून धरत नाही."

पटावर हिरवंगार माळरान छापलेलं होतं. मधून पिवळट पायवाट, कडेने ओढा, ओढ्यावर लाकडी पूल. दाजींनी ते सगळं नीट पाहिलं. मांडीवरच्या पत्र्याच्या डब्यावरचा हात मात्र काढला नाही.

"छान आहे," ते म्हणाले.

दाजी छान आहे म्हणाले की ती गोष्ट बाद झाली, हे धाकट्याला फार जुनं ठाऊक होतं. धाकटा म्हणजे दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी ताईने लहानपणी ठेवलेलं नाव अंगाला चिकटून राहिलं होतं. ताई गेली. आता त्या नावाने हाक मारायला एवढे दाजीच उरले होते.

डब्यात शिशाचे सैनिक होते. बोटाच्या पेराएवढे, घोड्यांसकट, तोफांसकट. सगळे दाजींनी रंगवलेले. दाजी जन्मभर गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवत आले. पुढे छापील पाट्या निघाल्या आणि कुंचल्याला काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी तो सैनिकांकडे वळवला. डाळीएवढ्या चेहऱ्यावर मिशी काढायची आणि तीही ज्याची त्याची वेगळी, हे काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

तेच सैनिक आज ते इथे सोडायला आले होते. या दुकानात मागच्या फळीवर लोकांचे जुने सैनिक विकायला ठेवत. "आधी पट बघू, सैनिकांचं मग ठरवू," असं म्हणून धाकट्याने त्यांना कसंबसं थोपवलं होतं. पट पसंत पडला तर डबा परत घरी. नाही पडला तर फळीवर. आणि डबा एकदा फळीवर गेला की रविवारी दुपारी दाजींच्या दारावर थाप मारायला धाकट्याकडे निमित्त उरत नव्हतं. दोघांनाही बोलायचं वळण नव्हतं. इतकी वर्षं बोलायची ती ताई, आणि हे दोघं लढायचे.

लढायचे ते तिच्या इस्त्रीच्या घोंगडीवर. करड्या लोकरीची, चौपदरी जाड. आठवडाभर ती घोंगडी जेवणाच्या टेबलावर अंथरून ताई घरादाराचे कपडे इस्त्री करायची आणि रविवारी तीच घोंगडी रणांगण व्हायची. खाली पुस्तकं सरकवली की डोंगर, रुमालाची घडी टाकली की शेत. एकदा तोफ किती लांब मारते यावरून मेहुण्या-मेहुण्यांची जुंपली, दोघंही हट्टाला पेटले, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सदरा इस्त्री करत असलेली ताई इस्त्री तशीच टेकवून निवाडा करायला आली. निवाडा होईतो घोंगडी जळाली, करपल्याचा वास घरभर झाला. पुढे निमुळता, मागे रुंद, होडीसारखा तपकिरी डाग पडला.

"झालं," ताई म्हणाली. "आता इथे तळं. कुणी आत पाऊल टाकायचं नाही. वळसा घालून जायचं, आणि वळसा घालणाऱ्याची एक पाळी बुडाली."

तेव्हापासून ते तळं. चहा झाला की ती कप आणून बरोबर तळ्यावर ठेवायची आणि तिथल्या तिथे जुळवलेलं स्वतःचंच म्हणायची,

तळं भरलं, काठ भिजला,
लढणाऱ्यांना चहा सुचला.

ती गेल्यावर दाजींनी मोठं घर सोडलं, एक खोली घेतली. सामान हलवायच्या दिवशी धाकटाच पुढे होता. ताईच्या कपाटाचा आरसा फुटू नये म्हणून हाताला लागली ती घोंगडी त्याने आरशाभोवती गुंडाळली आणि सुतळीने करकचून बांधली. आरसा सुखरूप पोचला. घोंगडी हमालांनी आपल्या पोत्यांबरोबर उचलून नेली. धाकट्याने मागाहून टेम्पोवाल्याला गाठलं, तर तो म्हणाला, "कसली घोंगडी? ती जळकी? तिने टेम्पो पुसला हो आमच्या पोरांनी."

दाजी त्यावर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

"मग हा बघा," दुकानदाराने चौथी गुंडाळी सोडली. "प्लास्टिकचा. वजन म्हणाल तर काहीच नाही, आणि खिशालाही हलका."

पट टेबलावर पडला तो दोन्ही टोकांनी परत वर वळला. दुकानदाराने एका बाजूला टेप ठेवली, दुसरीला स्वतःचं कोपर. वरच्या ट्यूबचा उजेड त्यावर असा चकाकत होता की निम्मं बर्फाळ मैदान दिसेनासंच झालं.

"यावर लढायचं म्हणजे आधी गॉगल घ्यायला हवा," धाकटा म्हणाला. दाजी हसले नाहीत.

"तुम्हाला नेमकं काय हवंय, काका?" दुकानदार दाजींकडे वळला. माणूस वाईट नव्हता. दुपारभर उलगडून आणि गुंडाळून त्याच्या कपाळावर घाम आला होता. "जागा केवढी आहे?"

"जागा आहे," दाजी म्हणाले. "भिंतीला घडीचं टेबल आहे, पाडलं की पडतं." थोडं थांबून म्हणाले, "सगळे चांगलेच आहेत तुमचे. त्यांना कशाला नावं ठेवू? ओढा आहे, पूल आहे. सगळं आधीच करून ठेवलंय."

ते उठले. डबा काउंटरवर ठेवला आणि झाकणावरून अंगठा एकदा फिरवला.

"हे राहू दे तुमच्याकडे. घोड्यांचे पाय सांभाळा, नाजूक आहेत. धाकट्या, मी बाहेर उभा आहे."

काचेचं दार मागे झुलून मिटलं. धाकटा बघत राहिला. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणसं अडकली की बाहेरून तो त्यांना नेहमी सांगायचा, घाबरू नका, मी इथेच आहे. दाजींना ते सांगायची त्याची छाती झाली नव्हती.

"साधं कापड नाही का?" त्याने विचारलं.

दुकानदाराने खालच्या खणातून एक घडी काढली. "आहे की. सगळ्यात स्वस्त. पण घड्यांच्या रेषा राहतात, सरकतं, आणि छपाई ही अशी फिकट. कुणी नेत नाही."

धाकट्याने ते चिमटीत धरलं. जाड, सुती, करडं. गवत छापलंय की धूळ, ते सांगितल्याशिवाय कळू नये.

"पूर्ण सुती?"

"पूर्ण."

"इस्त्री चालते?"

"चालेल की. रेषा जातील."

"आणि जास्त वेळ ठेवली तर? करपतं की वितळतं?"

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "रबर आणि प्लास्टिक वितळतं. हे करपेल. का हो? शत्रूचा पट जाळायचाय का?"

"हाच द्या," धाकटा म्हणाला. "आणि तो डबा इकडे द्या."

बाहेर दाजी एका बंद शटरच्या सावलीत उभे होते. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"तुला सांगितलेलं कळत नाही."

"रविवारी घेऊन येतो."

"तुझं डोकं तुझ्या लिफ्टसारखं झालंय. मधेच अडकतं, ना वर ना खाली."

"म्हणून तर रोजगार चाललाय माझा," धाकटा म्हणाला, आणि दोघं बसथांब्याकडे चालू लागले.

शनिवारी दुपारी बायको बाहेर गेलेली पाहून धाकट्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट पसरला. तळं नेमकं कुठे होतं? त्याने डोळे मिटले. ताई खिडकीपाशी बसायची. बसल्या जागेवरून हात लांब केला की कप तळ्यात. तो खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला, ताईच्या हाताएवढाच, आपला जरा आखडून, हात पुढे केला आणि तिथे खडूने फुली मारली. इस्त्री तापली. त्याने ती फुलीवर टेकवली आणि सोडून दिली. पहिल्यांदा वाफ आली, मग धूर.

"अहो, नवं कोरं कापड जाळताय?" बायको दारातच थबकली. हातातली पिशवी तशीच.

"जाळत नाहीये. तळं करतोय."

ती पिशवी ठेवून जवळ आली. तिला सगळं माहीत होतं. वन्संच्या हातचा तो चहा तिनेही प्यायलेला होता.

"वन्संची इस्त्री तळाला सपाट होती," ती हळूच म्हणाली. "ही वाफेची. हिच्या तळाला भोकं आहेत."

त्याने इस्त्री उचलली. होडीचा आकार उमटला होता, रंगही तोच, काठाला गडद आणि आत मधासारखा. पण त्या सगळ्या तळ्यात इस्त्रीच्या भोकांचे फिकट ठिपके राहिले होते.

"ते जाणार नाहीत," बायको म्हणाली.

"नाही."

तिने पट झटकला, चारी टोकं जुळवून घडी घातली आणि पिशवीत ठेवला. "तसाच न्या. पुन्हा काही करायला जाऊ नका."

दाजींच्या खोलीत पलंग, कपाट आणि भिंतीचं टेबल. टेबल पाडलं की पलंगावर बसूनच खेळावं लागे. कपाटाचा आरसा समोर होता, एकही ओरखडा नसलेला. धाकट्याने पट पसरला आणि बाजूला झाला.

दाजी बघत राहिले. मग वाकले. त्यांनी करपलेल्या काठावरून बोट फिरवलं, टोकापासून निघून पुन्हा टोकापर्यंत. एका ठिपक्यावर बोट थांबलं.

"कुठली इस्त्री?"

"घरची. वाफेची आहे." धाकट्याने मान खाली घातली. "मला वाटलं..."

तळं ताईचं नव्हतं. दोघांनाही ते दिसत होतं.

दाजींनी डबा ओढून झाकण काढलं. एकेक सैनिक उचलून, फुंकर मारून, ते मांडू लागले. सगळे मांडून होईपर्यंत उन्हाची तिरीप पलंगावरून जमिनीवर उतरली.

खेळ सुरू झाला. दाजींचे घोडेस्वार पुढे आले आणि तळ्याच्या काठाशी थांबले. पलीकडे धाकट्याची तोफ एकटी पडली होती, शेजारी राखणीला कुणी नाही. सरळ गेले असते तर याच पाळीत तोफ हाती लागली असती आणि डाव संपला असता.

"जा की सरळ," धाकटा म्हणाला. "नवा पट आहे. ते काही खरं तळं नाही."

"तळ्यातून घोडी कशी जातील?" दाजी म्हणाले, आणि एकेक घोडा उचलून त्यांनी काठाकाठाने वळसा घातला. पाळी बुडाली. धाकट्याने तोफ मागे घेतली.

खोलीत करपल्याचा वास हळूहळू पसरला होता. कापडाची घडी मोडल्यापासून तो येतच होता, आता बंद खिडकीमुळे दाट झाला होता. धाकटा अर्धवट उठला.

"खिडकी उघडतो जरा."

दाजींनी फासे मुठीत घेतले होते, टाकले नव्हते. ते तळ्याकडे बघत होते.

"राहू दे," ते म्हणाले. "आत्ताच आलाय वास. बस तू, धाकट्या."