कापडाची कैची आणि गुरुजींची वही

मित्रांनो, मी एक जुनी कैची आहे आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हुंदके गिळत, गोड आवाजात सांगावी अशी तुमची अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. माझं सगळं आयुष्य शिंप्याच्या दुकानात गेलं. जीभ कैचीसारखी चालते असं लोक उगीच म्हणत नाहीत. तेव्हा ऐका, आणि मध्ये चुळबुळ करू नका.

माझा जन्म मेरठचा. मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या कमानपाट्यातून एका लोहाराने मला काढलं. तापवलं, ठोकलं, सहाणेवर घासलं आणि पितळेची मूठ बसवली. तिथून पेटीत बसून मी आर्वीला हिरालालच्या लोखंडी सामानाच्या दुकानात आले. बहात्तर साली रूपराव शिंप्याने मला उचललं, कानाजवळ नेऊन एकदा उघडमिट केली, आवाज ऐकला आणि घरी नेलं. एस.टी. स्टँडच्या समोरच्या ओळीत त्याचं दुकान होतं. त्याची नजर अधू झाली तसा तो मशीनवर बसू लागला आणि कापायचं काम त्याच्या बायकोकडे, विमलाबाईकडे आलं. खरं सांगायचं तर मी रूपरावची कधी नव्हतेच. मी विमलाबाईची.

तिच्या हातात काय सफाई होती! आर्वीतली निम्मी पोलकी आणि शाळेतल्या पोरींचे सगळे झगे आम्ही दोघींनी कापले. दसऱ्याला ती मला हळदकुंकू लावायची. मला रिकामी कोणी चालवू नये, घरात भांडण होतं, असं म्हणायची आणि गिऱ्हाइकाच्या हातून मला काढून घ्यायची. तिचा दुसरा नियम त्याहून कडक होता. कापडाच्या कैचीने कागद कापायचा नाही. कागदाने धार मरते, आणि मेलेली धार कापड कापत नाही, चावते. रूपरावने एकदा बिडीच्या कट्ट्याचा कागद कापला तर तिने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला होता.

आता महादेवराव गुरुजींचं सांगते. हे प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर. बायको गेलेली, मूलबाळ नाही. रोज दुपारी आमच्या बाकावर येऊन बसायचे. त्यांना एकच नाद होता, शब्दांचा. स्टँडवर उतरलेल्या माणसाला धरायचे, चहा पाजायचे आणि तुमच्याकडे अमक्या वस्तूला काय म्हणतात म्हणून विचारायचे. ते सगळं एका जाडजूड वहीत उतरायचं. शब्द, त्याचा अर्थ, कोणाच्या तोंडून ऐकला ते, आणि शेवटी तो कुठून आला असावा ते. हे "असावा" त्यांनी कधी सोडलं नाही. नागपूरच्या एका प्राध्यापकांना पत्रं लिहून ते खातरजमा करायचे, तरी "असावा" कायम. वीस वर्षं त्यांनी ही वही लिहिली. ती छापलेली बघायची आणि मग डोळे मिटायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. छाती तोवर दुखायला लागली होती, त्यामुळे इच्छेला घाईही आली होती.

एकदा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विमलाबाईला माझं नाव वाचून दाखवलं. कैची हा शब्द तुर्की असावा. पार तिकडच्या घोडेस्वारांच्या मुलखातून तो फारशीत आला, फारशीतून हिंदीत आणि हिंदीतून आपल्या वऱ्हाडीत. चमचा तसाच, तोफ तशीच, गालिचा आणि चकमकसुद्धा. विमलाबाई हसली. म्हणाली, एवढ्या दुरून आली बाई, अन् माझ्या दुकानात येऊन पोलकी कापते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पुस्तकातली कात्री माझी बहीणच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण आमच्या ओळीत मला कोणी कात्री म्हणालं असतं तर मी ओ दिली नसती.

त्र्याऐंशी साली गावातल्या वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली. त्यानिमित्त गुरुजींची वही छापायचं ठरलं. वाचनालयाचे अध्यक्ष होते किसनराव. मोठी शेती, खणखणीत आवाज, आणि गोठ्यात शंकरपटाचा, म्हणजे शर्यतीचा बैल. तीन वर्षं हा बैल पट मारत होता. त्याचं नाव बहादूर. त्याच्या नावाचे फलक किसनरावांनी चौकात लावले होते.

किसनरावांनी वही चाळली आणि त्यांना ती तुर्की शब्दांची पानं दिसली. झालं. मराठीच्या पुस्तकात हे परके कशाला, असं ते म्हणाले. घोड्यावरून तलवारी घेऊन आलेल्यांचे शब्द आम्ही पैसे घालून छापायचे काय? हे काढा, मग छापू. कोणते काढायचे ते त्यांनी स्वतः लाल पेन्सिलीने दाखवलं. त्याआधी त्यांनी वही वाचली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कुठून आला तेवढंच वाचलं, शब्द कोणता आहे ते वाचलंच नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असली ही तऱ्हा. सत्तावीस खुणा झाल्या.

आणि मित्रांनो, माझा राग किसनरावांवर आहे असं तुम्हाला वाटत असेल तर थांबा. तो आहेच. पण जास्त राग दुसऱ्या माणसाचा आहे.

एका दुपारी महादेवराव गुरुजी दुकानात आले आणि खाली बघत म्हणाले, जुन्या धोतराचे पंचे करायचे आहेत, घटकाभर कैची दे. विमलाबाईने कधी कोणाला मला दिलं नव्हतं. गुरुजींना दिलं. त्यांनी मला घरी नेलं, दार लोटलं आणि वही उघडली. धोतर कुठे नव्हतंच. त्यांनी माझ्या पात्यांमध्ये पान धरलं आणि तोफ कापली. मग चमचा. मग गालिचा. मला वाटलं, आता तरी हात थांबेल. थांबला नाही. बहादूर कापला. आणि मग कैची. माझ्याच पात्यांनी त्यांनी माझं नाव कापलं, आणि मी कापलं, कारण हातात धरलेल्या कैचीला नाही म्हणता येत नाही. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला पाय नसताना कळलं. वीस वर्षं ज्याने एकेका शब्दाला चहा पाजून घरात घेतलं, त्यानेच छापलेल्या पुस्तकाच्या मोहापायी त्यांना बाहेर काढलं. वर खोटं बोलून काढलं. चिटोऱ्या त्यांनी फेकल्या नाहीत, तेवढी लाज शिल्लक होती. पेढ्याच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी विमलाबाईने नेहमीप्रमाणे आधी चिंधीवर मला चालवून पाहिलं. चिंधी कापली नाही. पात्यांत दुमडून अडकली. तिने पात्यावरून अंगठा फिरवला, मला पदराखाली घेतलं आणि सरळ गुरुजींच्या घरी गेली.

"गुरुजी, कपडा कापतो म्हणून नेली ना तुमी? मंग कागद काऊन कापला?"

गुरुजींनी पुढ्यातली वही तिच्याकडे सरकवली. पानापानाला खिडक्या पडल्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. छाती केव्हा बंद पडेल नेम नाही, उरलेली वही तरी छापून होईल, असं म्हणाले.

विमलाबाई चौथी शिकलेली. तिने डबा उघडून एकेक चिटोरी वाचली. एका चिटोरीपाशी ती थांबली आणि म्हणाली, चला माझ्यासंग. गुरुजी नको नको म्हणत होते. तिने वही उचलली, डबा उचलला आणि ती पुढे निघालीसुद्धा.

किसनरावांच्या अंगणात बैल धुणं चालू होतं. दोन गडी त्याला घासत होते आणि किसनराव खाटेवर बसून कौतुकाने बघत होते. विमलाबाईने पदर खोचला.

"किसनभाऊ, गुरुजीनं तुमच्या सांगण्यावरून बहादूरही कापला. तोही तिकडचाच शब्द हाय म्हन्ते. मंग आता पटात याले काय म्हणून हाक मारसान?"

किसनरावांनी चिटोरी घेऊन वाचली. "तुर्की किंवा मंगोल असावा," असं गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. त्यांचा चेहरा उतरला, पण माणूस माघार घेणारा नव्हता. नाव बदलता येतं, ते म्हणाले, आणि बैलाला "वीर, वीर" म्हणून हाका मारू लागले. बैल कडबा चघळत राहिला. शेपटी हलवली ती माशीसाठी. एक गडी तोंड फिरवून हसला. तेव्हा किसनरावांचा पारा चढला आणि सवयीने त्यांच्या तोंडून "बहादूर" निघून गेलं. बैलाने मान वर केली आणि दाव्याला हिसका दिला.

"जनावर हाय ते," किसनराव म्हणाले. "त्याले काय समजते."

"त्याले आपलं नाव समजते. तुमाले त्याचं गाव समजलं तं नकोसं झालं," विमलाबाई म्हणाली.

यावर किसनराव विरघळले असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही फार गोष्टी वाचता. ते उठून उभे राहिले आणि गुरुजींकडे वळले. छापायचं असेल तर मी म्हणतो तसं, नाहीतर वही घेऊन जा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बैलाचं नाव मात्र बैलाकडेच राहील, तो घरचा आहे.

छापखान्यातला नमुन्याचा कागद किसनरावांच्या खाटेवर पडला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत गुरुजींचं नाव होतं. त्यांनी तो हातात घेतला, बोटांनी आपलं नाव चाचपलं आणि परत ठेवला.

"नको छापू, किसन," ते म्हणाले. "हे सत्तावीस घरचे नाईत, तं मीही तुह्या पुस्तकाचा नाई."

त्यांनी वही छातीशी धरली आणि आम्ही तिघं परत आलो. मला त्यांचा राग होता. तो गेला असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी रस्ताभर मी तो मिटलेल्या पात्यांत ठेवला.

दुकानात आल्यावर विमलाबाईने रूपरावला मशीनवरून उठवलं. टाका मोठा केला, पांढरा दोरा ओवला आणि वहीचं पान मशीनच्या सुईखाली घातलं. कागदाला कैची लागू न देणारी बाई! कागदाने सुईही मरते, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. गुरुजी चिटोरी पाहून पान सांगायचे आणि ती जागच्या जागी शिवायची. तोफ शिवली, चमचा शिवला, बहादूर शिवला. दोन सुया मेल्या. रूपरावने नव्या लावून दिल्या. माझं नाव सगळ्यात शेवटी आलं. ते शिवून झाल्यावर गुरुजींनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या नावापुढे जिथे "तुर्की असावा" होतं, तिथे बारीक अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली. "हल्ली मुक्काम आर्वी." या ओळीला त्यांनी "असावा" जोडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वही विमलाबाईच्या हवाली करून गुरुजी गेले. वही छापली गेली नाही. वाचनालयाने पंचविसाव्या वर्षानिमित्त देणगीदारांच्या फोटोंचं पुस्तक काढलं, त्यात पहिला फोटो बैलाचा होता.

मला तीनदा धार लावून आणली, पण ती पहिली धार काही आली नाही. विमलाबाईने नवी कैची घेतली. मी आता गोधड्यांचं जाड कापड कापते, तेही सणावारी, आणि एरवी वहीशेजारी ट्रंकेत पडून असते. ट्रंक उघडून ती वही मागायला आजवर कोणी आलेलं नाही. गावात एवढी शाळा, एवढे मास्तर, एवढे शिकलेले तुम्ही! लोखंडाची असले तरी मला ते लागतं.

तेव्हा मित्रांनो, एवढं तरी पाळा. शब्द दारात आला तर त्याला गाव जरूर विचारा, गुरुजी विचारायचे तसं, आधी चहा पाजून. पण गाव ऐकून दार लावू नका. आणि ज्याला शब्द कापायचेच असतील, त्याने ते स्वतःच्या दातांनी तोडावेत. मला मागायला येऊ नये.